बादशहाचं टिंब

सोमवार, ३ फेब्रुवारी

नवे साहेब आज पुन्हा बादशहाचा हुकूमनामा मागून घेऊन गेले. आठवड्यात तिसऱ्यांदा. दप्तरखान्यात अठरा हजार कागद आहेत, यांना नेमका हाच बरा सापडतो! आणि बदली होऊन आले कधी, तर निवडणुकीला सहा आठवडे उरले असताना.

मी म्हटलं, "मजकूर हवा असेल तर वाचून दाखवते." तर म्हणे, "नको बाई, नुसता बघतो." फारसीचं एक अक्षर न येणारा माणूस तासभर काय बघतो?

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आता कळलं काय बघतात ते. कोर्टाचं पत्र आलंय.

जुन्या बाजारातली चाळीस दुकानं नगरपालिकेला पाडायची आहेत. दुकानदार म्हणतात, आमच्या पूर्वजांना बादशहाने तिथे कायमचं बसवलं. सगळं अडलंय हुकूमनाम्यातल्या एका शब्दावर. 'इजाजा', म्हणजे इजाजत, असेल तर पिढ्यानपिढ्यांची परवानगी. 'इजारा' असेल तर मुदतीचा पट्टा — आणि ती मुदत संपून तीन शतकं झाली. त्या लिपीत दोन्ही शब्द दिसायला सारखे, फरक एका टिंबाचा. आमच्या कागदावर टिंब आहे. पंचवीस वर्षं मी ते बघतेय. मला फारसी शिकवणाऱ्या सरांनी पहिल्यांदा वाचायला बसवलं ते याच कागदापुढे.

तज्ज्ञ म्हणून साक्ष मी द्यायची. २७ तारखेला.

ताईला फोन केला. भावजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान त्याच बाजारात आहे. ताई म्हणाली, "मग काळजी कसली? वाचणार तर तूच." तिचं हे बोलणं मला आवडलं नाही. का, ते सांगता येत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

घरी येताना चौकात सभा. वक्ते गरजत होते, "या शहरातून बादशाहीची नामोनिशाणी पुसून टाकू!" मला हसू आलं. शहर, बादशाही, नामोनिशाणी — तिन्ही शब्द त्याच दरबाराच्या भाषेतून आलेले. पुसायला निघाले तर वाक्यच उरणार नाही.

दुसऱ्या पक्षाचे लोक त्याहून बरे नाहीत. ते बादशहाबद्दल असं बोलतात, जणू त्यांचे सख्खे मामाच. एकाला तो राक्षस हवा, दुसऱ्याला संत. मी त्याचे दोनशे हुकूम वाचलेत. तो बिचारा जकात, घोडे आणि दुष्काळ यांच्यापलीकडे फारसं बोलतच नाही.

व्यासपीठासमोर एक पांढरी गाडी होती. तशीच गाडी बुधवारी दप्तरखान्याच्या फाटकाशी उभी होती. पांढऱ्या गाड्या पुष्कळ असतात म्हणा.

सोमवार, १० फेब्रुवारी

साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. भिंग माझ्या हातात देऊन म्हणाले, "बाकीची शाई तपकिरी झालीय. हे टिंब काळं कसं?"

मी म्हटलं, "टिंबाला शाई जास्त साचते." सांगून टाकलं खरं, पण नंतर वाटलं, इतकी वर्षं मला हे कधी खटकलं कसं नाही?

उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमचे भावजी त्याच बाजारात बसतात ना?"

यांना कोणी सांगितलं? ऑफिसात फक्त डिंकभाऊंना माहीत आहे. आमचे बाइंडर. त्यांच्या अंगाला बारा महिने डिंकाचा वास, म्हणून हे नाव. वीस वर्षं मी त्यांना घरचे समजत आले. आज त्यांचा चहा नाकारला. त्यांनी दोनदा विचारलं, "ताई, काही चुकलं का?"

मंगळवार, ११ फेब्रुवारी

टिंब जागेवर आहे.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आहे.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

सकाळी पेटी उघडली तर हुकूमनामा नाही! टिंब खरवडलं असणार, झालं. डिंकभाऊंवर ओरडले, सगळ्यांसमोर. ते नोंदवही घेऊन आले. साहेबांनी रीतसर सही करून नेला होता, फोटो काढायला. तासाभरात परत आला. टिंबासकट.

डिंकभाऊंची माफी मागायला हवी होती. मागितली नाही. सही करून चोरी करणारे काय कमी असतात?

मंगळवार, १८ फेब्रुवारी

साहेबांनी कुठून तरी जुनी काचेची प्लेट शोधून काढली. याच कागदाचा फोटो, साठ वर्षांपूर्वीचा. मी भिंग लावून बघितलं. नेमकी टिंबाच्या जागी बुरशी. काही दिसत नाही.

"म्हणजे राहिलं फक्त तुमचं मत," साहेब म्हणाले. "भावजींचं त्यांच्याच दुकानात कळलं होतं, मी मुद्दामच विचारलं. तुम्ही काय बोलता ते बघायचं होतं. पण नोंदी तपासल्या तुमच्या. पंचवीस वर्षांत एक चूक सापडली नाही. तुम्ही मूळचं म्हणालात तर मी तसंच लिहीन."

इतकं गोड? हा सापळा आहे. मला बोलू द्यायचं आणि मग भावजींचं नाव काढून खोटं पाडायचं. पण मीही कच्ची नाही. सरांकडून लिहून आणते. मी नोकरीला लागण्याआधी कागदाची दुरुस्ती झाली तेव्हा दप्तरखान्याचे प्रमुख तेच होते. त्यांच्या शब्दापुढे कोण बोलेल?

रविवार, २३ फेब्रुवारी

सरांकडे जाऊन आले.

सर चौऱ्याऐंशीचे. डोळे गेलेत. आवाजावरून ओळखलं. मी सगळं सांगितलं — साहेब, भिंग, प्लेट, पांढरी गाडी. शेवटी म्हटलं, "सर, टिंब मूळचं आहे एवढं लिहून द्या."

मग म्हणाले, "टिंब मी दिलं."

मला वाटलं, वयामुळे भरकटले. पण त्यांना सालही आठवत होतं. त्या वर्षीसुद्धा बाजार पाडायला निघाले होते. सरांनी सरकारला तीन अर्ज केले. चाळीस कुटुंबं आहेत, म्हातारीकोतारी आहेत, कुठे जातील? उत्तर आलं नाही. मग कागद दुरुस्तीला काढला तेव्हा त्यांनी बोरू शाईत बुडवला. एकदाच.

"माझं लिहिलेलं कोणी वाचलं नाही," सर म्हणाले. "बादशहाचं लगेच वाचलं. मंत्र्यांनी स्वतः."

मी विचारलं, "आणि मला त्यावर वाचायला शिकवलंत?"

"तू सोडून कोणी बघेल असं वाटलं नव्हतं. तू बघितलंस तर मला येऊन बोलशील, असं वाटलं होतं."

त्यांनी पाणी मागितलं. मी दिलं आणि निघाले. पाया पडायचं राहिलं.

बुधवार, २६ फेब्रुवारी

खरं सांगायचं ठरवलंय. सकाळी डिंकभाऊंची माफी मागितली. साहेबांना म्हटलं, उद्या जे आहे तेच बोलेन. "माहीत आहे मला," म्हणाले. गाडीचंही विचारून टाकलं. डॉक्टरांची होती. रखवालदाराच्या बायकोला बघायला आले होते.

ताईला काही सांगितलेलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

साक्ष दहा मिनिटांत संपली. वकिलांनी विचारलं, "टिंब मूळचं आहे?" मागच्या बाकावर ती चाळीस कुटुंबं बसली होती. मी म्हणाले, "मूळचं." आमच्या साहेबांनी अहवालात तसंच लिहिलं.

ही वही आता घरात ठेवता येणार नाही.