मोठ्या अक्षरांची सकाळ

उस्मानपुरा, औरंगाबाद
१४ मे २०१६

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनीला आणि आक्काआत्याला राम राम, आणि तुझ्या छोट्या पारूचा एक गालगुच्चा माझ्या नावानं घे. तुम्ही सगळे आणि मेंढरं बरी असाल असं धरून चालते.

फकिरामामा सिल्लोडहून लोकरीच्या सौद्यासाठी इकडं आले होते. ते म्हणाले, "तुझ्या भावाचा वाडा पैठणच्या अलीकडं, धरणाच्या गाळपेऱ्यात बसलाय. पाणी आटलं तिथं गवत उगवलंय, मेंढरं खुशीत हायती." मी म्हटलं, थांबा मामा, जाताना एक पत्र न्या. फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी "व्हय", "नाय", "ठेवतो" एवढंच बोलतोस. पत्र रागानं घडी घालून खिशात टाकलंस तरी ते तिथंच राहील, आणि दुपारी झाडाखाली बसल्यावर तू ते काढशील. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

इकडं सगळं छान आहे, पाणी सोडून. ज्या धरणाच्या पोटात तू मेंढरं चारतोस त्याचंच पाणी आम्ही पितो. नळ कधी येईल ते नळालाच माहीत. तरी शहर थांबत नाही. बीड बायपासला तू एका वर्षी मेंढरं बसवली होतीस ते रान आठवतं? तिथं आता उंचच्या उंच इमारत झालीय आणि फाटकावर पाटी लावलीय, 'चोवीस तास पाणी'. रोज तिथं टँकर आत जातो आणि ड्रायव्हर पाटी वाचून हसतो.

सध्या माझ्या खोलीत एक पाहुणा आहे. त्याचं पुढं सांगते. आधी आमच्या दवाखान्यात काय झालं ते ऐक, कारण ते झालं नसतं तर पाहुण्याचं खरं काय ते मला कळलंच नसतं.

तू एकदा विचारलं होतंस, "सुके, तू दिवसभर करतेस तरी काय?" तेव्हा मला नीट सांगता आलं नव्हतं. आता सांगते. आमच्याकडं आधी प्रत्येक टेबलावर एक पुरा कॉम्प्युटर होता. जो तो आपल्या टेबलाला चिकटलेला. यंदा पाणी संपलं तसे जुन्या इमारतीचे वरचे मजले बंद झाले, नव्या इमारतीचं काम अर्धं राहिलं, आणि कारकून मंडळी आज या खोलीत तर उद्या त्या खोलीत बसायला लागली. म्हणून मंदार सरांनी, म्हणजे आमच्या कॉम्प्युटर विभागाच्या साहेबांनी, नवी पद्धत आणली. सगळं काम आता एका गार खोलीतल्या मोठ्या मशीनवर चालतं. टेबलावर नुसता पडदा, कीबोर्ड आणि डब्यासारखी एक छोटी पेटी. कुठंही बसा, आपलं नाव आणि पासवर्ड टाका, की तुमचं टेबल तुमच्यासमोर उघडतं. तुमच्या फायली, तुमचं चित्र, तुमच्या खुणा, जिथल्या तिथं. हे जिथल्या तिथं ठेवणं म्हणजे माझी नोकरी.

पण थोड्याच दिवसांत मंदार सरांनी हुकूम काढला की कुणाचं काही वेगळं नको, सगळ्यांना एकसारखा पडदा. त्यांचंही चुकलं नव्हतं. लोकांनी आपापल्या जागेत लग्नाचे व्हिडिओ, साखरपुड्याचे फोटो, गाणी, काय काय कोंबून ठेवलं होतं. ते ओझं मशीन रोज सकाळी उचलायचं, आणि पडदा उघडेपर्यंत लोक चहा पिऊन यायचे. सर म्हणाले, "सुकेशनी, सगळं धुऊन काढ. निळा पडदा, ठरलेलं अक्षर, ठरलेल्या जागा." मी धुऊन काढलं.

तासाभरात बिलाच्या खिडकीवर गर्दी तुंबली. तिथं दमयंतीबाई बसतात. त्या माझ्या घरमालकीणही आहेत. त्यांच्या घरामागची खोली माझी. सासरे नाथाच्या देवळात पुजारी होते, आता थकलेत; नवरा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होता, तो वारला. बाई बोलायला कडक, पण मी आजारी पडले की न विचारता मऊ भात आणून ठेवतात. त्या दिवशी त्या पडद्यासमोर नुसत्या बसून होत्या. रांगेतला एक माणूस ओरडला, "मावशी, झोपल्या का काय?" बाई उठल्या, पर्स घेतली आणि मला म्हणाल्या, "माझा राजीनामा टाइप करून दे. आता हे माझ्यानं व्हायचं नाही."

मी त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. पाणी दिलं. त्यांनी दार लोटून घेतलं. मग म्हणाल्या, "कुणाला सांगणार नसशील तर सांगते. मला दिसत नाही गं नीट. वर्ष झालं. मी अक्षर चांगलं हाताएवढं करून ठेवलं होतं. पिवळी खूण डावीकडं, लाल उजवीकडं, त्या अंदाजानं चाललं होतं. तू सगळं पुसलंस."

"डोळे दाखवले का?"

"दाखवले आणि कामावरून काढून टाकलं म्हणजे? घरात मिळवणारी मी एकटी."

दादा, मला लई वाईट वाटलं. मी मंदार सरांकडं गेले. बाईंचं नाव न घेता म्हटलं, "सर, दवाखान्याचं ते दवाखान्याचं ठेवू, पण माणसाचं ते माणसाला देऊ. औषधांची यादी, बिलाचं पान, जवळचा प्रिंटर, हे सगळ्यांना सारखं. अक्षर केवढं, चित्र कुठलं, मराठी कीबोर्ड का इंग्रजी, ते ज्याचं त्याला. व्हिडिओ आपण बाहेर काढू, मशीनवर ओझं राहणार नाही."

सरांनी पेन खाली ठेवलं. "कुणासाठी चाललंय हे?"

"सांगता येत नाही, सर."

"बरं. आधी एका माणसावर करून बघ. चाललं तर सगळ्यांना देऊ."

मी बाईंच्या जुन्या खुणा शोधून काढल्या, जशाच्या तशा बांधल्या आणि त्यांच्या नावाला लावल्या. निदान मला वाटलं की त्यांच्याच नावाला लावल्या. खरं तर मी निवडला होता सगळ्या दवाखान्याचा गट.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोहोचले तर दारातच कल्ला. प्रत्येक पडद्यावर दमयंतीबाईंचं टेबल! अक्षरं एवढाली की एका पानात एकाच पेशंटचं नाव मावत होतं. आणि मागं चित्र काय, तर दौलताबादच्या किल्ल्यावर मेंढा तोफेवर घोड्यासारखे बसलेले बाईंचे यजमान, डोळ्याला काळा गॉगल, हात वर. ऑपरेशनच्या खोलीत यजमान, औषधांच्या दुकानात यजमान, चौकशीच्या खिडकीवर यजमान. एक म्हातारी हात जोडून विचारत होती, "हे कोणते महाराज म्हणायचे?"

मंदार सर एकेका पडद्यासमोरून फिरत होते. तेवढ्यात मोठ्या डॉक्टरांचं बोलावणं आलं. दवाखाना त्यांचाच. मी मनात म्हटलं, चला सुकेशनीबाई, आता परत मेंढरांमागं.

मोठे डॉक्टर पडद्याजवळ नाक नेऊन बसायचे, ते त्या दिवशी खुर्चीला टेकून ऐटीत बसले होते. म्हणाले, "हे अक्षर कुणी मोठं केलं?"

"मी, सर. चूक झाली. दहा मिनिटांत काढते."

"काढू नकोस. त्या तोफेवरच्या माणसाला तेवढं उतरव. माझ्यापुरतं अक्षर असंच राहू दे."

मी बाहेर आले आणि हाताला लागेल तसं एकेकाचं पूर्ववत करायला लागले. तर हिशेबाचे काकासाहेब हळूच म्हणाले, "माझं असंच ठेवता येईल का?" मग प्रयोगशाळेतली चारुता, वय तिशीचं, म्हणाली, "माझंही." मग मेट्रन. प्रत्येकजण आजूबाजूला बघून, कानाशी येऊन. निम्मा दवाखाना डोळे बारीक करून काम करत होता आणि जो तो समजत होता की आपण एकटेच. दमयंतीबाई खिडकीत बसून हे सगळं बघत होत्या. मग त्या उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ती माझी अक्षरं होती. आणि ते माझे यजमान. मला दिसत नाही म्हणून मोठी केली होती." मग काकासाहेब म्हणाले, "यजमान झकास दिसतात हो!" आणि जो हशा पिकला!

आता ज्याचं त्याला आपलं टेबल मिळालंय. मंदार सरांनी स्वतःच्या पडद्यावर त्यांच्या कुत्र्याचा फोटो लावलाय. मोठ्या डॉक्टरांनी दवाखान्यातल्या सगळ्यांचे डोळे तपासून घेतले. बाईंना मोतीबिंदू निघाला. ऑपरेशन झालं, बाई पुन्हा खिडकीत आहेत आणि रांगेतल्या लोकांना चष्म्यावरून दरडावतात.

आता पाहुण्याचं.

दादा, तू ओळखलं असशील. आबा माझ्याकडं आहेत. पाडव्याच्या आधी आले, हातात एक पिशवी आणि खांद्यावर घोंगडी. "चार दिवस राहतो," म्हणाले. मी तुला कळवलं नाही, कारण त्यांनी शपथ घातली. आणि खरं सांगायचं तर मलाही त्यांचा राग होता. दिवाळीच्या तोंडावर अर्धी मेंढरं तुला न विचारता बाजारात उभी करून टाकली, पिढ्यांचं धन कसायाच्या गाडीत घातलं, तुझ्यासारखाच मीही तो घाव विसरले नव्हते. तू चार लोकांत सख्ख्या बापाला म्हणालास, "म्हातारा दुष्काळाला भ्याला." मलाही वाटलं, भ्यालेच असतील.

पण दमयंतीबाईंचं झालं आणि मी घरी येऊन आबांकडं नीट बघितलं. ते चौकटीला हात लावून मग आत येत होते. मी दारात उभी राहिले, बोलले नाही, तर विचारलं, "कोण हाय?" भाकरीचा तुकडा ताटात चाचपून घेत होते. मी म्हटलं, "आबा, तुम्हाला दिसतंय का?"

"दिसतंय की. उजेड दिसतोय."

"मेंढरं का विकली?"

त्यांनी घोंगडीची दशी पिळली. मग म्हणाले, "कोकरं मागं राहिली होती. मी हाकायला गेलो. एक उठंचना. मी काठी उगारली. तवा ते कोकरू हसलं." घोंगडी जवळ ओढली. "आपली पारू होती, सुके. कोकरांत बसून खेळत होती. काठी खाली आली असती तर?"

दुष्काळानं नाही विकली, दादा. आबांनी स्वतःच्या वाट्याची मेंढरं तेवढी विकली, म्हणजे पुन्हा रानात त्यांना कुणी बोलावणार नाही. तुला सांगितलं असतं तर तू त्यांना सोबत ठेवलंच असतंस, आणि नेमकी त्याचीच त्यांना भीती वाटत होती. तू भित्रा म्हणालास ते त्यांनी ऐकून घेतलं, कारण आंधळा म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं वाटलं.

मी दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात नेलं. डावा डोळा झाला, छान झाला. पट्टी काढली तेव्हा समोर दमयंतीबाई बसल्या होत्या. आबा बघतच राहिले. म्हणाले, "बाई, आवाजावरून मला वाटलं, लई म्हातारी असाल!" बाई आठ दिवस तेच सगळ्यांना सांगत होत्या. हल्ली आबा सकाळी गल्लीत टँकरच्या रांगेची व्यवस्था बघतात. कुणाची घागर कुणाच्या पुढं घुसली तर त्यांना लांबून दिसतं. पोरी त्यांना 'साहेब' म्हणतात, त्यामुळं खुश असतात. परवा मिशीला कात्री लावून घेतली.

उजवा डोळा पावसाळ्यानंतर करायचाय. तोवर ते इथंच राहतील. मला अडचण काही नाही, उलट घर भरल्यासारखं वाटतं. फक्त पैठणकडून एखादी गाडी आली की ते ड्रायव्हरला विचारतात, "तिकडं मेंढरं दिसली का रं कुठं?" कुणाची, ते सांगत नाहीत. आणि मी विचारत नाही.

मी हे पत्र लिहितेय हे आबांना ठाऊक नाही. शपथ मोडली, त्याचं पाप माझं. तू आलास तर पारूला घेऊन ये. तिला बघायला त्यांना आता एक चांगला डोळा आहे. माफी वगैरे मागायची गरज नाही, दारात नुसता उभा राहा आणि बोलू नकोस. ते तुला बघून ओळखतील. आणि नाही आलास, तर हे पत्र मी लिहिलं होतं हे त्यांना कधीच कळणार नाही. तू वाचूनही आला नाहीस, एवढं फक्त मला कळेल.

तुम्हा दोघांचीही,
सुकेशनी