डावा हात

आई,

आज गुरुवार. सकाळी खोपोलीच्या शिळफाट्याला गेलो, डावीकडची खालची दाढ काढून घेतली, रिक्षाने घरी आलो. दाढ तुझ्या नातीने काढली.

तू गेलीस तेव्हा ती जन्मलीही नव्हती. आता दातांची डॉक्टर आहे. यंदा तिने स्वतःचा दवाखाना थाटला. पाटीवर तिचं नाव आणि आपलं आडनाव. समोरच्या टपरीवर चहा घेताना मी ती पाटी वाचत बसतो. दात साफ करायला, सिमेंट भरायला लोक येतात. दाढ काढायची असली की मात्र विचारतात, "मोठे डॉक्टर कधी येणार?" ती म्हणते, "मीच मोठी." ते हसतात आणि खोपोलीत दुसरीकडे जातात.

आज दवाखान्यातल्या बाकावर डोंगरातल्या वाडीवरची एक म्हातारी होती. गाल सुजलेला, पदर तोंडाशी. याआधी दोनदा येऊन परत गेलेली. "बाय, तुज्या मनगटात जोर हाय का गं? आर्दी मोडून आत रायली म्हंजी?"

"आजी, आता माझ्या बाबांची काढते. बघा, मग ठरवा."

"बापाची? मंग बगतेच." म्हातारी उठून दारातच येऊन बसली.

इंजेक्शन देऊन लेक म्हणाली, "दुखलं तर डावा हात वर करा, बाबा. मी लगेच थांबेन."

खुर्ची मागे झुकली आणि मला कर्जतचा तो बाजार आठवला. मी दुसरीत आहे. माझा पुढचा दात हलतोय, पण मी कुणाला हात लावू देत नाही. तुझी दाढ कधीपासून ठणकते आहे. रस्त्याकडेला गोणपाट टाकून वैदू बसलाय. तू पिशवी माझ्याकडे देतेस. "मी बसते पयली. तू निस्ता बग." तो चिमटा घालतो. तुझ्या तोंडून आवाज निघत नाही. उठल्यावर पदराने तोंड पुसून म्हणतेस, "मुंगी चावली रं, दुसरं काय नाय." त्याच संध्याकाळी चुलीपुढे मी माझा दात तुला काढू दिला. त्याआधी बाजारातून परतताना, वाटेतल्या ओढ्याशी, तू माझ्याकडे पाठ करून बराच वेळ चुळा भरत होतीस. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. घरी आम्हाला भाकरी थापून वाढलीस आणि स्वतः गार पेज प्यायलीस.

लेकीचा हात न थरथरता चालतो. कुठे दाबायचं, कुठे सोडायचं, तिला कळतं. दाढ सैल झाली, मग शेवटच्या ओढीला आतून एकदम कळ आली. मुळाशी पू होता, तिथे औषध नीट पोचलं नसावं. दारात म्हातारी मान उंचावून बघत होती. मी डावा हात मांडीखाली सरकवला आणि दाबून धरला.

दाढ निघाली. अख्खी, दोन्ही मुळांसकट. लेकीने ती ट्रेमध्ये ठेवली आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. "दुखलं?" मी नाही म्हणून मान हलवली.

"वरडला बी नाय गं ह्यो," म्हातारी म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली.

तिच्या वेळी लेकीने घाई केली नाही. थांबून हिरडीला पुन्हा टोचून दुखतंय का ते विचारलं, आणखी एक इंजेक्शन दिलं, मगच हात लावला. म्हातारी बाहेर आली ती गालावर हात ठेवून, कापसातूनच बोलत, "हलक्या हाताची हाय तुमची पोर. मला वाटलं अजून बगतेच हाय, तर काडून मोकळी!" माझ्या तोंडात कापूस होता. मी नुसती मान डोलावली.

लेकीला मी हाताचं सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तिला कळलं असेल तर तीही बोलायची नाही. तुझ्यावरच गेली आहे. कुणाला तरी सांगावंसं वाटलं म्हणून हे लिहिलं. पोस्टात टाकायचं तर नाहीच.

घरात कुणी नाही. सकाळीच पेज करून ठेवली होती, ती आता गार झाली आहे. उजव्या बाजूने पितो आहे.