क्लचचा ठोकळा

६ मार्च

प्रिय आत्या,

साष्टांग नमस्कार घालायचा, पण मी आत्ता गाडीत पाठीवर पडून, गुडघ्यांना वही टेकवून लिहितेय. तेव्हा उताणा नमस्कार गोड मानून घे. इकडे सगळे मजेत. तुझी कंबर कशी आहे? तुझ्या मोटार स्कूलमधल्या त्या बाई, पुढे जायचं म्हटलं की मागे जाणाऱ्या, पास झाल्या का?

फोनवर तू बजावलंस, "गाडीचं सगळं लिही, त्याचं काही लिहू नकोस." म्हणून बाबांचं काही लिहीत नाही. फक्त गाडीचं.

आजोबांच्या लाँड्रीची ती मागून बंद, बिनखिडक्यांची व्हॅन इतकी वर्षं शेडमध्ये धूळ खात होती. गेल्या महिन्यात भंगारवाला न्यायला आला तेव्हा मी आडवी आले. म्हटलं, सोफे-खुर्च्या नव्यानं मढवणं हा माझा धंदाच आहे, गाडीची आतली बाजू मी करते. नवी नाही हं, पहिल्यासारखी. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात मूळ अंतर्भागाला वेगळं बक्षीस असतं. इंजिन मिस्त्री बघताहेत. त्यांचं म्हणणं, इंजिन सोपं आहे, खरी परीक्षा तुझी आहे.

आणि आहेच गं. एकावर एक काय काय चढवलंय! वर लाल चकचकीत रेक्झिन, त्याखाली गालिचा, त्याखाली फुलाफुलांचं प्लास्टिक. (कुणी चढवलं ते लिहीत नाही.) एकेक थर सोलत तळाशी पोचले तर खाली बाटलीहिरवं रेक्झिन, शिवणीला पांढरा गोट! सीटमध्ये स्प्रिंगांवर अजून मूळचा काथ्या आहे. मागच्या भागात लाकडी फळ्यांचं अस्तर आणि वर कपडे टांगायच्या पितळी दांड्या. पार काळ्या पडल्या होत्या. घासल्या तर अशा झळकल्या की मिस्त्रींनी त्यांत बघून भांग पाडून घेतला.

आता एक विचारायचं होतं. ड्रायव्हरच्या सीटमागची फळी काढली तर आत चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेले दोन लाकडी ठोकळे निघाले. त्यांना चामड्याचे पट्टे, बकलं, वर रबर ठोकलेलं. मला वाटलं, गाडी घसरू नये म्हणून चाकाखाली घालायची उटी असेल. मिस्त्रींनी एक ठोकळा क्लचच्या पेडलवर धरून पाहिला आणि म्हणाले, "हे पाय न पुरणाऱ्या माणसाचे आहेत."

पाय न पुरणारा माणूस कोण? ही गाडी तर बाबांनी चालवली. मिसरूड फुटायच्या आत त्यांनी लाँड्री कशी सावरली हे गावातल्या प्रत्येकाला पाठ आहे. शाळेत निबंधसुद्धा मी त्याच्यावरच लिहिला होता. आणि बाबा तर तेव्हापासून ताडमाड.

ठोकळे त्यांना दाखवले. त्यांनी पाहिले आणि "चहा गार होतोय" म्हणून आत निघून गेले. चहा कुणी केलाच नव्हता.

आत्या, हे ठोकळे कुणाचे?

तुझी,
धुळीनं माखलेली भाची


२८ मार्च

प्रिय आत्या,

पोस्टकार्ड पोचलं. अख्ख्या कार्डावर एकच शब्द: "माझे." पोस्टमननं ते दोनदा उलटून पाहिलं म्हणे, बाकीचं कुठे सांडलं का म्हणून.

मग मी फोन केला आणि तू जे सांगितलंस, ते पुन्हा लिहून काढतेय, कारण लिहिल्याशिवाय माझा विश्वास बसत नाही. बॉयलरच्या वाफेनं आजोबांचे हात भाजले. लाँड्रीला कुलूप लागायची वेळ आली. तेव्हा तू, जेमतेम विशीतली, पेडलना ठोकळे बांधून ही गाडी काढलीस. हॉटेलांच्या चादरी, डॉक्टरांचे कोट, लग्नाचे सूट, सगळं गावभर पोचवलंस. दांडीवरच्या एका शर्टाला चुणी पडू दिली नाहीस. शेजारच्या सीटवर बाबा, दर वळणावर ओरडणारे, तुझा 'लुडबुड्या'. आणि बाबांना लायसन्स मिळालं त्या दिवशी आजोबांनी तुझ्या हातातली किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. "मुलगी गाडी चालवते हे बरं दिसत नाही. आता मुलगा आहे ना." बाबा शेजारी उभे होते. काही बोलले नाहीत. पुढे लोक म्हणायला लागले, पोरानं धंदा तारला, तेव्हाही बोलले नाहीत. मग तू जी गेलीस, ती गेलीस.

मला एवढंच विचारायचंय, इतकी वर्षं मला का नाही सांगितलंस? राहू दे. उत्तर मला कळतंय. तो मला आवडणारा बाप होता, म्हणून.

आता तुझी आज्ञा मोडते. रागाव हवं तर.

मी काल ठोकळे पेडलना बांधत होते. पाठीमागून आवाज आला, "उलटं लावलंस."

बाबा शेडच्या दारात उभे होते.

"जाड आहे तो क्लचचा," म्हणाले. "क्लच फार खोल होता. ती टाच टेकवून दाबायची."

ती. नाव नाही, नातं नाही, नुसतं ती. मग कुरकुरणाऱ्या गुडघ्यांनी खाली बसले आणि दोन्ही ठोकळे त्यांनी बांधून दिले. बकलाकडे बघावंसुद्धा लागलं नाही त्यांना.

मी विचारलं, "फळीमागे तुम्ही ठेवलेत?"

"फेकवले नाहीत," म्हणाले, आणि गेले.

मला त्यांचा रागही आला आणि आणखीही काहीतरी आलं. मी हिरवं रेक्झिन मांडीवर घेतलं आणि गोट शिवत बसले. त्या दिवशीची शिवण जरा वाकडी आलीय. उसवून पुन्हा घालीन.

तुझी,
भाची


१९ एप्रिल

आत्या! पहिला नंबर!

नमस्कार मागाहून. पहिला नंबर! मूळ अंतर्भागाचं पहिलं बक्षीस आपल्या गाडीला!

थांब, नीट सांगते. मैदानात एकाहून एक गाड्या, आरशासारख्या. आपली बाहेरून पोचे आलेली, रंगाचे पोपडे. एकानं मला विचारलं, "ही सामान घेऊन आलीय का?" मी मागचं दार उघडलं. तो आत बघत राहिला, मग बायकोला हाक मारून घेऊन आला.

परीक्षक एक बाई होत्या, कडक. टॉर्च घेऊन आत शिरल्या. शिवणीवरून बोट फिरवलं, सीटवर बसून दोनदा उसळून पाहिलं, दांड्यांना टिचकी मारली. मग म्हणाल्या, "साबणाचा वास येतोय."

"फळ्यांत मुरलाय. जात नाही."

"घालवूही नका," म्हणाल्या. आणि तेवढ्यात टॉर्च पेडलवर गेला. "हे कंपनीचं नाही. गुण कापावे लागतील. आत्ता काढत असाल तर मी बाहेर थांबते."

खोटं कशाला बोलू, आत्या, मी मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री वाकलेसुद्धा. इतकं राबलो होतो आम्ही.

"हात लावायचा नाही."

बाबा. गर्दीतून पुढे आले. आपल्या गावचे अर्धे म्हातारे तिथे जमले होते, लाँड्रीची सगळी जुनी गिऱ्हाइकं. त्यांच्यासमोर बाबा म्हणाले, "ही गाडी माझ्या बहिणीनं चालवली. धंदा तिनं तारला. मी नुसता शेजारी बसून गाठोडी उचलायचो. आजवर तुम्ही मलाच मान देत आलात आणि मी तो घेत आलो, ते खोटं होतं. ठोकळे तिचे आहेत. ते राहतील."

बाबांची मान ताठ होती, पण शर्टाचं बटण ते नुसतं पिरगाळत होते. शेवटी मागून ते वकीलआजोबा म्हणाले, "अरे, आम्हाला का ठाऊक नव्हतं? तू चालवायला लागलास तेव्हापासूनच माझे शर्ट चुरगळून यायला लागले!"

जे हसले सगळे! आणि सगळ्यांत मोठ्यांदा कोण, तर बाबा. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलंच नव्हतं. जणू मानेवरून पोतं उतरलं.

परीक्षकबाईंनी गुण कापलेच. माझ्यासमोर कापले. मी म्हटलं, गेलं बक्षीस, गेलं तर जाऊ दे. आणि संध्याकाळी पुकारा झाला तर पहिले आपणच! ठोकळ्यांचे गुण वजा करूनसुद्धा पहिले! बाकीच्यांनी आत नवा फोम भरला होता आणि आपला काथ्यासुद्धा मूळचा होता. मी अशी किंचाळले की मिस्त्रींच्या हातातली बाटली पडली. बाबा व्यासपीठावर आलेच नाहीत. गाडीत शेजारच्या सीटवर बसून डोळे पुसत होते. डोळ्यात वंगण गेलं म्हणाले. दिवसभरात वंगणाला त्यांनी हातसुद्धा लावला नव्हता.

पुढच्या रविवारी बक्षीस मिळालेल्या गाड्यांची गावातून फेरी आहे. काल सकाळी बाबांनी पाना घेतला, ड्रायव्हरच्या सीटचे बोल्ट काढले आणि सीट पार पुढे नेऊन पक्की आवळली. मी बसून पाहिलं, माझे गुडघे स्टीअरिंगला आपटतात. मिस्त्रींचं पोट तर आत शिरतच नाही. आता ही गाडी आमच्यापैकी कुणालाच चालवता येत नाही.

बाबा म्हणाले, पत्राच्या खाली थोडी जागा सोड. त्या जागेशी ते सकाळपासून बसलेत.

तुझी,
दारात उभी राहून वाट बघणारी भाची

ताई,
गाडी तुझी आहे. तू चालव. वळणावर मी ओरडणार नाही.
लुडबुड्या