नारूचा तक्ता

११ फेब्रुवारी १९३७, धारवाड

आज पुन्हा विष्णुपंत वकिलाशी भांडण. गल्लीच्या विहिरीवर, तिसऱ्या पायरीवर उभा राहून त्याची संध्या चालली होती. डाव्या पायाला नारू झालेला, चिंधी सोडलेली, जखम पाण्यात. तेच पाणी आमच्या घागरीत.

मी : पाय बाहेर काढा.
तो : आग होते हो मास्तर. थंड पाण्यात बरं वाटतं.
मी : तुम्हाला बरं वाटतं तेव्हाच त्या किड्याची पिल्लं पाण्यात सुटतात.
तो : या पायऱ्या माझ्या आजोबांनी बांधल्या. तुमच्या पुस्तकाला विचारून नाही.

चार जण हसले. माझा आवाज चढला होता. वर्गात इतका चढत नाही. भांडणात बरोबर असलो तरी मी वाईट दिसतो.

१३ फेब्रुवारी

तक्ता पुरा केला. गल्लीत एकवीस घरं, सगळी याच विहिरीची. गेल्या दोन उन्हाळ्यांत कुणाकुणाला नारू निघाला ते दारोदार विचारलं. दोन रकाने : गा. (पाणी गाळून पितात) आणि न गा. पाच घरं गा., त्यांत आमचं एक. आम्ही गाळू लागलो त्याला दीड वर्ष झालं. त्या पाचांत नारू एकही नाही. न गा. सोळांपैकी सात घरांत.

पुस्तक सांगतं ते असं : पिल्लं पाण्यातल्या बारीक पिसवांच्या पोटात जातात, पिसू माणसाच्या पोटात जाते, आणि साधारण वर्षाने पायातून हातभर पांढरा दोरा बाहेर येतो. दुहेरी धोतरातून पिसू जात नाही. तक्ता पुस्तकाशी जुळतो. जुळतो म्हणून आनंद झाला, त्या आनंदाची थोडी भीती वाटली. हा तक्ता मी कशासाठी मांडला? खरं काय ते कळावं म्हणून, की वि.ला गप्प करावं म्हणून?

१८ फेब्रुवारी

पद्मण्णा कापडवाल्याकडे गेलो. जैन घर, चार पिढ्या गाळून पितात, एकालाही नारू नाही. सूनबाईंनी करून दाखवलं. गाळून झालं की फडकं उलटं करून त्यावर गाळलेलं पाणी ओतायचं, आणि अडकलेले जीव घागरीतून अलगद परत विहिरीत सोडायचे. पद्मण्णा म्हणाला, “नोड्री, बघा मास्तर, तुम्ही तुमचा पाय वाचवायला गाळता. आम्ही त्यांचा जीव वाचवायला. पाणी तेच की हो.”

नमस्कार करून आलो.

२ मार्च

शाळेतलं सूक्ष्मदर्शक हेडमास्तरांना विचारून घरी आणलं, वि.च्या कट्ट्यावर मांडलं. विहिरीचा थेंब. पिसवा स्वच्छ दिसल्या, एक डोळा, झटके देत पोहणाऱ्या. लोक रांग लावून बघून गेले. वि. सर्वांत शेवटी. बराच वेळ बघत होता.

“पिसू दिसली. तिच्या पोटातला किडा दाखवा.”

दिसत नव्हता. वीस पिसवा तपासल्या, एकीतही नाही. तसं सांगितलं.

“म्हणजे पुस्तकात आहे, थेंबात नाही. शिवाय तो जैन गाळलेल्या पिसवा परत विहिरीत सोडतो, त्याला नमस्कार. आणि मी पाय बुडवला तर मी गुन्हेगार. वा!”

हा मनुष्य मूर्ख असता तर बरं झालं असतं. त्याच्या हरकती मी माझ्या मॅट्रिकच्या वर्गाला शिकवतो त्याच आहेत. फक्त तो त्या पाय पाण्यात ठेवण्यासाठी वापरतो.

९ मार्च

ठरलं. पाडव्यानंतरच्या रविवारी, १८ एप्रिलला, मारुतीच्या देवळात गल्लीची बैठक. पायऱ्या भिंत घालून बंद करायच्या आणि वरून कप्पीने पाणी शेंदायचं, यावर होय की नाही. माझा तक्ता वाचायचा. नऊ घरं माझ्याकडे नक्की. आणखी दोन मिळाली की झालं. यंदा भिंत पडली नाही तर पुढच्या उन्हाळ्यात आणखी कुणाचे पाय.

२७ मार्च

उजव्या घोट्याशी खाज. जोडा लागला असेल.

२९ मार्च

जोडा नव्हे. फोड आला, सकाळी न्हाणीत फुटला. मध्ये पांढरा दोरा. वर्गात बाटलीतला दाखवतो तोच.

हिला सांगितलं. हिने आधी दार लावलं.

३० मार्च

घरातल्या पाण्याची झडती घेतली. ही रडकुंडीला आली. “अहो, एक घागर चुकली असेल तर शपथ.” विश्वास आहे.

मग अक्काला विचारलं. अक्का माझी थोरली बहीण. घरातली देवपूजा तिच्याकडे. ती पहाटे ओलेत्याने स्वतः पायऱ्या उतरून देवाचा तांब्या भरते.

“तो तांब्या गाळतेस?”
“देवाचं पाणी? तुमच्या त्या फडक्यातून? ते फडकं कामवाली धुते, तू हात लावतोस, दोरीवर लुगड्यांत वाळतं. सोवळ्याचं पाणी त्यातून ओतू?”

त्या पाण्याचंच तीर्थ. रोज सकाळी तीन पळ्या. दीड वर्ष मी घरभर गाळण्याचा हुकूम सोडला, आणि रोज सकाळी उजवा हात पुढे करून न गाळलेलं पाणी प्यालो. तक्त्यात स्वतःच्या हाताने लिहिलं : आमचं घर, गा.

मी मोठ्याने काही बोललो. अक्का म्हणाली, “तीर्थाला दोष देतोस? जीभ झडेल.”

३१ मार्च

नीट विचार करू.

एक. तीर्थाची गोष्ट खरी असेल, तर नारू निघाला तरी पाण्याचा सिद्धांत टिकतो.
दोन. नारू वि.ला मानणाऱ्या दुसऱ्या कुणाला निघाला असता तर मी तीर्थ शोधत बसलो असतो का? नाही. हा माझ्या बाजूचा अपवाद, म्हणून शोधतोय.
तीन. गेल्या उन्हाळ्यात केलगेरीच्या तळ्यावर वनस्पती गोळा करायला गेलो होतो. तहान लागली होती. ओंजळीने प्यालो का? आठवत नाही. खरंच आठवत नाही, की सोयीस्कर...
चार. तीर्थ सगळ्यात जास्त अक्का घेते. तिला काही नाही.

गा. रकान्यातल्या इतर घरांना तीर्थाबद्दल विचारलंच नव्हतं. आज तिघांना विचारलं. दोघांकडे तीच पद्धत. म्हणजे पाचांतली तीन घरं गा. नव्हतीच. तक्ता खोटा नाही. पण मला वाटत होता तेवढा खराही नाही.

५ एप्रिल

दोरा काडीवर गुंडाळतोय. दिवसाला बोटभर. ओढला तर आत तुटतो, मग पाय सडतो. रात्रंदिवस आग. हिने परातीत गार पाणी दिलं. पाय घातला आणि इतकं सुख झालं की विष्णुपंताचा राग पाच मिनिटं आठवला नाही. ते पाणी उकळून रस्त्याच्या धुळीत ओतायला लावलं.

शाळेत सांगितलं, पाय मुरगळला. खोटं बोललो.

ही म्हणते, “बैठकीतही तेच सांगा. भिंत होऊ दे, मग काय ते खरं बोला. पोरांचे पाय वाचतील.” हिचं चुकत नाही. वाईट हेच, की चुकत नाही.

१२ एप्रिल, पाडवा

अक्काने तीर्थ पुढे केलं. म्हटलं, उकळून दे. पळी ताम्हनात आपटली. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही, हिच्यामार्फत निरोप.

१७ एप्रिल

वि. आला. ओसरीवर बसला, माझ्या गुंडाळलेल्या पायाकडे बघितलं.

“मुरगळला म्हणे?”
“हं.”
“माझाही पहिल्यांदा मुरगळलाच होता.” चहा घेतला. जाताना : “उद्या याल ना? का पालखी पाठवू?”

त्याला कळलंय. म्हणून उद्या खरं बोललो तर तो प्रामाणिकपणा की भीती, हे मलाच सांगता येणार नाही.

१८ एप्रिल

बोललो. तक्ता वाचायच्या आधी पायाचं फडकं सोडलं, काडी दाखवली. मग तीर्थ, केलगेरी, चुकलेला रकाना, सगळं. देवळात हशा. मागून कुणीतरी : “गाळून प्यायलेले मास्तर बघा की!”

वि. उठला. हसत नव्हता. “एकच प्रश्न. तुमच्या पायातला नारू विहिरीचा की तळ्याचा?”
“माहीत नाही.”
“तीर्थाचा?”
“दाट संशय आहे. माहीत नाही.”
“लिहून घ्या रे. मास्तरांना माहीत नाही.”

पद्मण्णा उभा राहिला. “माहीत नाही म्हणाला तो एकटाच खरं बोलला की री. आमच्या घरी नारू नाही, हे तरी माहीत आहे ना?” ऐकून कुणी घेतलं नाही.

भिंतीला सहा हात. माझ्या नवांतले तीन खाली राहिले.

वि.चा ठराव पास : वर्षभर थांबायचं. ज्यांना हवं त्यांनी देवाच्या पाण्यासकट गाळावं, बाकीच्यांनी नको. मास्तरांनी मोजावं. “तुमचंच शास्त्र आहे. नाही म्हणू नका.”

नाही म्हणता आलं नाही. प्रयोग म्हणून तो माझ्या तक्त्यापेक्षा चांगला आहे. दुष्टपणे सुचवलेला, पण चांगला.

२१ एप्रिल

नवा तक्ता आखला. आता घर नव्हे, माणूस. प्रत्येकाला विचारायचं : पिण्याचं, तीर्थाचं, बाहेरचं.

आमच्या घरापासून सुरुवात. मी : तिन्ही गा. ही : तिन्ही गा. अक्काकडे गेलो. म्हटलं, देवाच्या तांब्यासाठी नवं कोरं फडकं आणतो, सोवळ्यात ठेव, तूच धू, कुणी शिवणार नाही.

नऊ दिवसांनी पहिल्यांदा बोलली. “मी मरेपर्यंत देवाला विहिरीचंच पाणी घालीन आणि तेच पिईन. तुला वहीत कुणीतरी न गाळणारं लागतंच ना? लिही माझं नाव.”

लिहिलं. न गा.

लिहिताना लक्षात आलं ते इथे नोंदवतो, कारण दुसरीकडे कुठे नोंदवणार. एकाच घरात, एकाच विहिरीचं पाणी, दोघं गाळून, एक न गाळता : याहून स्वच्छ जोडी गल्लीत नाही. नवं फडकं आणतो हे मी एकदाच म्हटलं. तिने नकार दिल्यावर दुसऱ्यांदा म्हटलं नाही. विष्णुपंताशी मी महिनोन्महिने भांडलो.

उद्या पुन्हा विचारीन का? विचारायला हवं. तिचं नाव पेन्सिलीने लिहिलंय, की शाईने, ते बघितलं. शाईने.