लाल अंबाडीचा नमुना

दिंद्रुड, ता. माजलगाव
१४ मे २०१९

सत्यभामा,

नमस्कार. घरचे सगळे बरे आहेत असं आधी लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो. धरण आटलं, डेअरीवरचं दूध निम्म्यावर आलं, पण तुझे अण्णा ठणठणीत आहेत. परवा कॅन उतरवताना सगळ्यांसमोर म्हणाले, "आमची सत्यभामा जगाचे नियम लिहायलीय." आमच्या दूध सोसायटीचे सचिव बबनराव म्हणाले, "मग आमच्या फॅटचा भाव बी लिहून घ्या म्हणावं." सगळे हसले. मी मात्र खाली बघून कॅन मोजत राहिलो, का ते पुढे येईल.

फोन करत नाही. फोनवर मी आधी ओरडतो आणि मग बोलतो, हे तूच म्हणालीस.

आधी आनंदाचं सांगतो. तुझ्या औरंगाबादच्या सरकारी लॅबमधल्या मॅडम ज्या परदेशी समितीवर आहेत तिचा मसुदा मी मोबाइलवर उतरवून घेतला. जप्त केलेली नशेची चीज जगातल्या कुठल्याही लॅबमध्ये एकाच शिस्तीने कशी तपासायची, तो. इंग्रजी जड आहे, पण केमिस्ट्री ओळखीची निघाली. कॉलेज सोडल्यापासून पहिल्यांदा वाटलं, ही भाषा मला अजून येते. नमुना कसा घ्यावा ते पान वाचताना तर मी उठून उभाच राहिलो. अगं, हे तर डेअरीवर फॅट तपासायचं माझंच काम. कॅन न ढवळता वरचं दूध घेतलं की सायच येते आणि फॅट फुगते. म्हशीवाले रोज तेच करायला बघतात आणि मी रोज भांडतो. तुमचे ते विद्वानही तेच म्हणतात. ढीग केवढाही असो, वरच्या मुठीवरून ढिगाला नाव द्यायचं नाही. एका रंगावर तर मुळीच नाही. दोन वेगळ्या जातीच्या तपासण्या हव्यात, आणि शेजारी माहीत असलेला पदार्थ ठेवून ताडून बघायचं.

आपल्या सरांनी प्रॅक्टिकलला रीडिंग आधीच फळ्यावर लिहून दिलं होतं, आठवतं? मी म्हणालो, मग नळ्या कशाला खराब करायच्या, आणि भांडून निघून आलो. तू राहिलीस. बरं केलंस.

आता दुसरं. अण्णांनी तुला कळवलं नसेल, तू घाबरशील म्हणून. शुक्रवारी पोलिसांनी सिदूमामाला नेलं.

धरणाच्या उघड्या पडलेल्या पोटात यंदा लोकांनी चाऱ्यासाठी मका केलाय. सिदूमामाने कडेने लाल अंबाडी लावली होती. शेळ्यांना पाला, सारजामामीला भाजी, राहिलेल्या काड्या दोराच्या वाखाला. सोसायटीच्या चारा छावणीत हिरवं काहीच उरलं नाही, म्हणून त्याने पेंढ्या टेम्पोत भरल्या आणि निघाला. वाटेत नव्या फौजदारांनी अडवलं. साहेब बाहेरच्या जिल्ह्यातले, अंबाडी कधी बघितलेली नाही. पंजासारखं पान दिसलं की त्यांना एकच झाड आठवतं. हवालदार हरिबा म्हणाला, "साहेब, ही अंबाडी हाय. आमी भाकरीसंगं खातो." साहेब म्हणाले, "म्हणजे तुम्हीही घेता का?" हरिबा टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहिला.

साहेबांनी जागेवर गांजा तपासायच्या पेटीतली नळी काढली, वरच्या पेंढीचं एक पान देठासकट चुरून टाकलं आणि पेटीतलं अ‍ॅसिड ओतलं. जांभळट लाल रंग आला. झाला गांजा. वजन टेम्पोभर, म्हणून जामीन लवकर होणार नाही असं वकील म्हणतात. लॅबचा अहवाल येईल तेव्हाच मामा सुटेल. आज तो बीडच्या जेलात आहे आणि त्याच्या शेळ्या माझ्या दारात ओरडताहेत.

पण सत्यभामा, रंग का आला ते मला सापडलं. मी संडास धुवायचं अ‍ॅसिड आणलं, बाटलीत अंबाडीचा लाल देठ चुरून टाकला. लालभडक. तो अंबाडीचा स्वतःचाच रंग आहे, अ‍ॅसिडने खुललेला. मसुद्यात लिहिलंय की शेवटी क्लोरोफॉर्म घालून हलवायचं, गांजाचा रंग खालच्या थरात उतरतो. अंबाडीचा वर पाण्यातच राहणार. पेटीतली ती शेवटची कुपी साहेबांनी फोडलीच नाही. रंग दिसला आणि थांबले. मी अंगणात उड्या मारायला लागलो. सारजामामी म्हणाली, "कावून नाचायलास रं? माझा माणूस आत हाय."

क्लोरोफॉर्म मला कुठून मिळणार, म्हणून खालचा थर मी डोळ्यांनी बघितलेला नाही. तू बघ म्हणजे कळेल. नाही, तू बघू नकोस. त्याचसाठी तर हे पत्र आहे.

मसुद्याच्या शेवटी लिहिलंय, कोणीही सूचना पाठवावी. मी पाठवली. मोडक्या इंग्रजीत दोन ओळी: माल ज्या मुलखात पकडला, तिथलं तसंच दिसणारं झाड आणून शेजारी तपासावं. मॅडमच्या वाचनात आली तर हसू नकोस.

आता ते लिहितो, जे मगापासून लिहीत नव्हतो.

ती बाटली घेऊन मी शनिवारी ठाण्यात गेलो. टेबलावर ठेवली. साहेब म्हणाले, "शिक्षण?"

"बीएस्सी, दुसरं वर्ष."

"पास?"

"सोडलं."

"मग बाटलीही अर्धीच आणायची ना." हरिबासकट सगळे हसले. माझं डोकं फिरलं. म्हणालो, "नमुना औरंगाबादलाच जाणार ना? तिथं आमची सत्यभामा हाय. तिच्याच टेबलावर येईल. बघा मग काय लिहिती."

साहेब हसायचे थांबले. त्यांनी तुझं पूर्ण नाव विचारलं आणि लिहून घेतलं.

बाहेर आलो तेव्हा मी गावचा राजा होतो. चहा संपेपर्यंत. मग कळलं की मी काय केलं. आता तुझ्या हातून अंबाडी म्हणून अहवाल आला, तर अंबाडी ही अंबाडीच असूनही ते म्हणतील, पोरीने गाववाल्याला सोडवलं. सिदूमामा अडकेल आणि तूही नोकरीतून जाशील. तो नमुना उघडायच्या आधी मॅडमकडे जा. आरोपी ओळखीचा आहे, हा नमुना दुसऱ्याला द्या, असं सांग. दुसरा कोणीही तपासू दे, शेवटची कुपी फोडली म्हणजे झालं. मी ठाण्यात काय बोललो तेही सांग, माझ्या नावासकट.

मॅडम विचारतील, सिदू कोण? तुझ्या आईचा राखीचा भाऊ, हे सांगायला सोपं आहे. मग विचारतील, आणि ठाण्यात तुझं नाव घेणारा हा पोरगा कोण? मला वाचवायला 'कोणी नाही' म्हणू नकोस. तिथे खरं तेच सांग, मग ते काहीही असो. मला कळवलंच पाहिजे असंही नाही.

साहेबांनी तुझं नाव लिहिल्यावर पेन वर धरून मला विचारलं होतं, "लागते कोण ती तुझी?" सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. माझ्यासारखा तोंडाळ माणूस, सत्यभामा, तिथे एक शब्द बोलू शकला नाही. ते चार लोकांत त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. आधी तुला सांगायचं राहिलं होतं, ते आज सांगितलं असं समज.

मामा सुटेपर्यंत तुझ्या लॅबच्या फाटकाकडेसुद्धा न फिरकणारा,
आणि त्यानंतर तू म्हणशील तसा,
आश्रुबा