हलक्या दांड्याचा पंप

आत्याबाई, आडावरची मोटर जळाली. नवी कुठली घ्यायची, असं आज सुनेनं मला विचारलं. मी म्हटलं, दुकानात तूच जा. ती गेली आणि मला तुमची बारामतीची खरेदी आठवली, म्हणून लिहायला बसले.

स्वराज्य येऊन काही वर्षं झाली होती, पण आपल्या निरवांगीत वीज नव्हती. परसातल्या आडाचं पाणी आपण दोघी सासूसुनाच शेंदायचो. भरली घागर वर घेताना माझ्या पोटात कळ आली आणि पहिलं मूल गेलं. तुम्ही तेव्हा जवळ बसला नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाहीत. मला वाटलं, ही बाई दगडाची आहे. पुढं मला पुन्हा दिवस गेले, तेव्हा मामंजींनी उसासाठी इंजिन घ्यायचं काढलं होतं. तुम्ही चुलीपुढूनच म्हणालात, "आधी घरचा पंप. इंजिन मागनं बगू." बारामतीला निघताना मलाही बरोबर घेतलंत. मामंजी म्हणाले, "बायामाणसांचं काय काम तितं?" तुम्ही एवढंच बोललात, "पानी बायाच वढत्यात न्हवं?"

दुकानामागच्या विहिरीवर दोन हातपंप बसवलेले आहेत. दुकानदार सांगतो, "हा वरूनच ओढतो, म्हणून हलका. पण उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की नुसती हवा येईल. तो दुसरा घ्या. त्याचा दट्ट्या खाली पाण्यात राहतो, बारा महिने चालेल." मामंजी दुसऱ्यावर हात ठेवतात. तुम्ही मला पुढं करता. "दाबून बग." त्याचा दांडा खाली नेताना माझ्या ओटीपोटात ताण येतो. तुम्ही पंपाकडं नाही, माझ्या तोंडाकडं बघत असता.

"ह्यो हलकाच द्या."

"अगं, चैतात कोरडा पडंल त्यो!" मामंजी ओरडतात.

"पडू द्या. पोर मोकळी हुईस्तवर हिला हलकाच पायजे. चैतात मी हाय की."

तसंच झालं. चैत्रात पंप नुसती हवा ओकायला लागला. मामंजींचे टोमणे ऐकत तुम्ही पुन्हा दोर काढलात. मी कळशीला हात लावला तरी खेकसायचात, "हो बाजूला!" वैशाखात मुलगी झाली. तिच्या पहिल्या अंघोळीचं पाणीही तुम्हीच शेंदलंत. त्यानंतर तुमचा उजवा खांदा नीट वर गेला नाही. तुमची वेणी मी घालू लागले. अशीच एकदा वेणी घालत असताना, मागं न वळता तुम्ही म्हणालात, "माजी दोन त्या आडावरच गेली. माज्या हातातला दोर कुणी घेतला न्हाय."

हे पत्र कुठं धाडायचं, ते मलाही ठाऊक नाही. घडी करून उशीखाली ठेवीन. पण एक सांगते. त्या उन्हाळ्यात तुमचा खांदा दुखतोय हे मला दिसत होतं, तरी वाईट वाटत नव्हतं. बाजेवर पडून मी रहाटाचा आवाज ऐकायचे आणि मनातून सुखावायचे. माझ्यासाठी पाणी शेंदणारं माणूस त्याआधी मला कधी भेटलंच नव्हतं.