शॉवरला अर्थ नाही

६ डिसेंबर १९९८, रविवार
मी बातमीसाठी पेठला, आणि इकडे मेव्हण्यानं न विचारता माझ्या न्हाणीत विजेचा शॉवर ठोकला! प्लंबरही स्वतःचाच आणलेला. जावयाला दहावा ग्रह म्हणतात, मेव्हणा अकरावा. "दाजी, बंब मोडीत घाला आता!" — इति सोमनाथ, सायखेड्याचा टोमॅटोसम्राट. छाया भावाकडे बघून हसत होती.

८ डिसेंबर
यंत्र देणाऱ्यावरच गेलंय. पांढऱ्या खोक्यात तारेचं वेटोळं, पाणी त्यावरून जाता जाता तापतं. साठवण नाही, धीर नाही. नळ जास्त सोडला की कोमट, कमी सोडला की चटका. आज चटका.

९ डिसेंबर
बटण न्हाणीबाहेर घ्यायला आपल्या कारभारी वायरमनला बोलावलं होतं. मी कचेरीत. तो चिठ्ठी ठेवून गेला: "शॉवरला अर्थ नाही. वापरू नये."
वा! वायरमन, पण मर्मज्ञ. 'निरर्थक' एवढा एकच शब्द पुरला असता. लाल पेन्सिलीनं तशी दुरुस्ती केली, आणि चिठ्ठी मार्केट यार्डात सोमनाथला सगळ्यांसमोर वाचून दाखवली. हमाल हसले. सोमनाथ लालबुंद — "पुन्हा तुमच्याशी बोलणार नाय, दाजी!"
बरं झालं.

११ डिसेंबर
नळाला हात लावताच छायेला झिणझिणी. म्हटलं, भावाचं प्रेम वाहतंय. ती हसली नाही.

१२ डिसेंबर
कारभारी आला. चिठ्ठी दाखवली, दुरुस्तीसकट. त्यानं कपाळावर हात मारला.
"साहेब, अर्थ म्हंजे जमिनीत जाणारी तार! हिरवी! ती जोडलेलीच नाय. आत करंट फुटला तर त्याला जमिनीत जायला वाट पायजे. नसली तर मानसातून जातो. आन् मानूस वला!"
पंचवीस वर्षं शब्दांवर पोट भरतोय, आणि हा अर्थ कळला नाही!
त्यानं जोडणीच काढून टाकली. आधी अर्थिंग, जाड वायर. करंट गळला की आपोआप तुटणारा ट्रिप स्विच. बटण बाहेर, हात कोरडा. तोवर बादली. जाताना म्हणाला, "सायखेड्याला पाव्हण्यांकडं बी त्याच प्लंबरनं बसवलाय म्हंत्यात. आजच फोन लावा."
छाया भाजीला गेली होती.

१३ डिसेंबर
रिसीव्हर उचलला. ठेवला. काय सांगू — अडाणी मीच ठरलो म्हणून? बोलणं त्यानं तोडलंय, आधी त्यानं बोलावं. छायेला सायखेड्याचं सांगितलं नाही. ती लगेच फोन लावेल. उद्या बघू.

१४ डिसेंबर
सकाळी सव्वासातला सोमनाथचाच फोन. त्याच्या धाकटीला, पूजाला, शॉवरखाली झटका बसला. आईनं मेन बंद केलं म्हणून वाचली, दवाखान्यात नेताहेत. तशा धांदलीत ओरडत होता — "दाजी, तुमचा बी बंद करा! ताईला हात लावू देऊ नका!"
मी म्हणालो, बरं.